कुंडातल्याने बोलत राहायचं

लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यांच्या मध्ये थांबली.

गामे जातीच्या काळ्या द्राक्षाचा रस पांढरा असतो. लाल जे काही आहे ते सालीत. म्हणून रस सालीवर ठेवून थांबायचं असतं, आणि किती थांबायचं यावर घराघरांत भांडणं होतात.

तेसोनिए नावाच्या निवृत्त पोस्टमास्तरांना मेंदूच्या झटक्यानंतर एकच शब्द उरला होता : बुधवार. भूक लागली की बुधवार, बायकोचं नाव बुधवार, नको म्हणायचं झालं तरी बुधवार.

मेणबत्ती गुडघ्याच्या खाली धरायची. डोळ्यांसमोर धरून उपयोग नाही.

रेजिस रुसला की त्याचं ताट जिन्याच्या पायरीवर ठेवून द्यायचं आणि काही न बोलता परत यायचं.

भिंतीतल्या जाळीतून एक बाई म्हणाली, "बोलत राहा, मॅडम. काहीही बोला. म्हणजे मला कळेल तुम्ही आहात."

ब्लांदीनला बोलता आलं नाही. आधी तिला याची गंमतच वाटली. माणसांना बोलतं करणं हाच तिचा धंदा होता. ल्योंच्या त्या टेकडीवरच्या दवाखान्यात तिच्यासमोर रोज माणसं बसत, ज्यांची वाचा गेलेली असे, आणि ती त्यांच्या हनुवटीला बोट लावून म्हणत असे, ओठ मिटा, आता सोडा, म म म. आणि आता ती स्वतः एका लोखंडी पेटीत उभी होती, हातात लीकच्या, म्हणजे जाड कांदापातीच्या, जुड्या असलेली पिशवी, आणि तिचे ओठ मिटलेले होते ते सुटत नव्हते. जाळीतली बाई पुन्हा म्हणाली, मॅडम, ऐकू येतंय का. मॅडम, नाव सांगा. नाव ठाऊक होतं. जिभेच्या मागे ते एखाद्या फळाच्या बीसारखं पडलेलं होतं. इमारत जुनी, रेशमाच्या मागांसाठी बांधलेली, उंच छतांची. लिफ्ट नंतर कधीतरी जिन्याच्या पोकळीत कोंबलेली, दोन माणसं उभी राहिली तर एकाने श्वास सोडायचा आणि दुसऱ्याने घ्यायचा. दिवा चालू होता. हवा होती. घाबरण्यासारखं काही नव्हतं आणि ती घाबरलेलीही नव्हती. फक्त बोलायचं कुणाशी हे तिला कळत नव्हतं. जाळीतल्या बाईचा आवाज चढत गेला, मग तुटला, मग कुणाला तरी हाका मारू लागला, आणि तेव्हा ब्लांदीनच्या लक्षात आलं, की ही अनोळखी बाई, कुठल्या तरी कचेरीत कानाला यंत्र लावून बसलेली, आपल्या गप्प राहण्याने हैराण झाली आहे. गप्प राहण्याचा अर्थ तिने एकच लावला आहे. दुसरा काही अर्थ असू शकतो हे तिच्या मनातही आलेलं नाही.

दार उघडणाऱ्या बंबवाल्याने तिला हात देऊन वर घेतलं आणि विचारलं, "ऐकू येत होतं ना? मग बोलला का नाहीत?"

"विचार करत होते," ब्लांदीन म्हणाली.

"विचार मोठ्याने करायचा," तो म्हणाला. "आम्ही कटर घेऊन आलो."

स्वयंपाकघरात येऊन तिने लीक ओट्यावर टाकले आणि जोआनीला फोन लावला. सकाळपासून त्याचा निरोप फोनमध्ये पडून होता आणि तिने तो ऐकून, आज नको, असं म्हणून ठेवून दिला होता. जोआनी गावाकडचा शेजारी, बापाच्या वयाचा. त्याची बाग त्यांच्या बागेला लागून, आणि त्याचा कान एका बाजूने गेलेला, त्यामुळे फोनवर तो ओरडतो. निरोप असा होता : तुझ्या बापाने तोडणी केली, कुंड भरलं, रस आंबून झाला, आणि आता कुंडघराला कुलूप लावून किल्ली खिशात घालून बसलाय. वाईन सालीवर पडून कडू व्हायला लागलीय. मी बोलायला गेलो तर म्हणाला, तुझ्या कोंबड्या सांभाळ.

"मी येतेय," ब्लांदीन म्हणाली.

"काय?"

"येतेय. स्टेशनवर ये."

"येऊन काय करणार आहेस, पोरी?"

"कुंडात उतरणार आहे."

हे वाक्य जोआनीला पहिल्या फटक्यात ऐकू गेलं.

आगगाडीत खिडकीच्या बाजूला साओन नदी धावत होती आणि ब्लांदीनचं डोकं काचेवर टेकलेलं होतं, आणि काच थरथरत होती, आणि त्या थरथरण्यात गेल्या वर्षीचा ऑक्टोबर होता. ती तिथे नव्हती. तिला सांगण्यात आलं ते तीन-चार तोंडांनी, आणि प्रत्येक तोंडाने थोडं थोडं वगळून. पण काँक्रीटच्या त्या खोल कुंडातून चोथा काढणं म्हणजे काय हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. रस आंबतो तेव्हा एक वायू सुटतो, हवेपेक्षा जड, त्याला वास नाही, रंग नाही, त्यात ज्योतही विझते आणि माणूसही. वाईन खालच्या तोटीने काढून घेतली तरी सालींचा चोथा तळाशी कमरेइतका उरतो आणि वायू त्याच्या अंगावर पांघरुणासारखा पडून असतो. माणसाला आत उतरून लांब दांड्याच्या काट्याने तो चोथा बादल्यांत भरावा लागतो. म्हणून मेणबत्ती, म्हणून पंखा, आणि म्हणून त्यांच्या घराण्याचा नियम, जो पंखे येण्याच्या आधीपासून चालत आला होता : कुंडातल्याने बोलत राहायचं. वरचा माणूस शिडीवर बसून ऐकतो. काय बोलतोय याला महत्त्व नाही. आवाज थांबला की ओढायचं. तिचे आजोबा आत उतरून जपमाळेच्या प्रार्थना म्हणत. बाप हवामान सांगे, मागच्या मागच्या वर्षांचं, कुठल्या मे महिन्यात कडाका पडला आणि कुठल्या ऑगस्टमध्ये गारा. रेजिस, तिचा धाकटा भाऊ, सायकल शर्यतीचं धावतं वर्णन करायचा, रेडिओवाल्याच्या आवाजात, नाक दाबून; शेवटच्या चढावर पाच गडी, मग तीन, मग एकटा एक गाववाला, जो नेहमी जोआनी असायचा आणि नेहमी अंतिम रेषेआधी पडायचा. दोरी बांधणं केव्हाच सुटलं होतं. पंखा आल्यावर दोरी कोण बांधतो.

आणि दुसरा नियम. तो कुणी कधी बोलून दाखवला नव्हता, कारण तो बोलण्याबद्दलचा नव्हताच. रेजिस रुसायचा. लहानपणापासून रुसायचा, आणि त्याचं रुसणं म्हणजे आदळआपट नव्हे, रडणं नव्हे, नुसतं गप्प होणं. घरातला एक दिवा कुणीतरी मालवावा तसं. आईने सगळ्यांना शिकवलं होतं की त्याला हलवायचं नाही. विचारलंत तर आणखी खोल जाईल. सोडा, वर येईल. आणि तो येई, दुसऱ्या दिवशी, कधी तिसऱ्या, जिन्यावरचं रिकामं ताट हातात घेऊन, काही झालंच नाही अशा चेहऱ्याने. आई गेली तरी नियम राहिला. पन्नाशीला टेकलेला माणूस, त्याच्या बायकोने त्याला सोडलं तेही बहुतेक याच पायी, पण त्या घरात त्याच्या गप्प होण्याला एक जागा होती, एक मान होता. त्या सकाळी तोडणीवाल्यांच्या जेवणाच्या टेबलावर बाप सगळ्यांसमोर म्हणाला होता, की वरच्या तुकड्यातली द्राक्षं रेजिसने कच्ची तोडली, आणि याला पन्नास वर्षं शिकवून मी काय मिळवलं. टेबलावरची माणसं हसली होती. रेजिसने चाकू पुसला, मिटला, आणि कुंडघरात गेला. बाप मागोमाग गेला, शिडीवर बसला. खालून काट्याचा आवाज येत होता, धावतं वर्णन येत नव्हतं. मग काट्याचाही येईना.

"मला वाटलं तो रुसलाय," बापाने पोलिसांना सांगितलं. एवढं एकच वाक्य. नंतर त्याने तो विषय कधी काढला नाही. त्या कुंडातून काढलेली वाईन त्याने गटारात सोडली, आणि उताराने ती चर्चच्या भिंतीपर्यंत वाहत गेली, आणि बरेच दिवस तो दगड जांभळा होता.

स्टेशनबाहेर जोआनी गाडीत बसून होता, इंजीन चालू ठेवून, कारण बंद केलं तर पुन्हा सुरू होईल याची खात्री नव्हती.

"लिफ्टमध्ये अडकलीस म्हणे."

"तुला कुणी सांगितलं?"

"तूच सांगितलंस फोनवर. मला अर्धं ऐकू येतं, पण नेमकं अर्धं येतं." त्याने गिअर टाकला. "लिफ्टमधून निघालीस ती कुंडात चाललीस. तुझ्याकडे खोल्या नाहीत का बसायला?"

"तुझ्या कंबरेचं काय?"

"कंबर आहे तिथेच आहे. मी उतरलो असतो, पोरी. उतरलो तर मला काढायला कोण उतरणार?"

गाडी चढाला लागली. वेली दोन्ही बाजूंना, तोडणी झालेल्या, पानं कडांनी तांबूस, बुटक्या बुटक्या, प्रत्येक वेल स्वतःच्या पायावर उभी. गुलाबी दगडाची माती. ब्लांदीनने काच खाली केली आणि वास आला, आंबलेला, गोडसर, कुणाच्या तरी कुंडघराचा. प्रत्येक दारातून तो येत होता. त्यांच्या दारातून येत नव्हता. दार बंद होतं, दाराखालच्या फटीत बापाने गोणपाट कोंबलं होतं.

बाप, क्लोदियूस, चीज खात होता. त्याने मान वर केली, मुलीला पाहिलं, आणि पावाचा तुकडा कापून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला सरकवला. हे त्याचं स्वागत.

"किल्ली दे, पपा."

"जेव आधी."

"किल्ली दे, मग जेवते."

"ते कुंड मी बंद केलंय."

"बंद केलंस तर मग तोडणी कशाला केलीस?"

तो चावत राहिला. "द्राक्षं पिकली होती," तो म्हणाला.

जोआनी दारात उभा होता तो खुर्ची ओढून बसला आणि स्वतःसाठी ग्लास भरला. ब्लांदीन उभीच. तिने हात पुढे केला, तळवा वर, आणि तसाच ठेवला. बापाने चीजचा तुकडा संपवला. मग दुसरा घेतला, बकरीच्या दुधाचा, कोरडा, जो त्याला आवडत नाही. हात तिथेच. खांदा भरून आला तेव्हा तिने दुसऱ्या हाताने कोपराला आधार दिला. ती म्हणाली, मला एवढंच सांग, की हे घर वाईन करणार आहे की नाही. नसेल करणार तर उद्या वेली उपटायला माणसं बोलवू, मी स्वतः बोलवते, जोआनीच्या ओळखीचा एक आहे. पण द्राक्षं तोडायची, आंबवायची आणि मग दाराला गोणपाट कोंबून आत सडू द्यायची, हे नाही चालणार. हे कुलूप रेजिससाठी नाहीये. त्याच्यासाठी असतं तर मी गप्प बसले असते.

"तू तर वाईन पीतसुद्धा नाहीस," बाप म्हणाला.

"रविवारी पिते."

"ल्योंची पाण्यासारखी."

"तुझी मिळत नाही. तू गटारात सोडतोस."

जोआनीचा ग्लास तोंडाशी होता तो तिथेच थांबला. क्लोदियूसने चाकू पावाला पुसला, मिटला, खिशात ठेवला. त्याच खिशातून किल्ली काढली आणि पावाजवळ ठेवली, तिच्या हातात नाही. "मी तिथे येणार नाही," तो म्हणाला.

संध्याकाळी तिने आणि जोआनीने तोटी सोडली. वाईन पिंपात पडताना तिचा फेस जांभळा होता. जोआनीने बोटावर घेऊन चाखली आणि ओठ वाकडे केले. कडू झालीय थोडी, म्हणाला, पण जिवंत आहे, चोथा उद्या चेपला तर सांभाळून घेईल. ब्लांदीनने चाखली. जिभेच्या दोन्ही कडा ओढल्या गेल्या, आणि मागून, उशिरा, वरच्या तुकड्यातली काळी चेरी आली. तिला एकदम आठवलं, की आपल्याला हे सगळं येतं. कुणी शिकवलं नाही, पण येतं. शहरातल्या इतक्या वर्षांत तिने हे जिभेच्या मागे ठेवून दिलं होतं. ती रोज दुसऱ्यांची जीभ सोडवत होती आणि स्वतःच्या जिभेवर फक्त कॉफी ठेवत होती.

सकाळी पंखा लावला, त्याची नळी कुंडात सोडली. बादलीसाठी कप्पी बसवली. कंबरेला दोरी बांधली, ती तुळईवरून घेतली. जोआनी बादली ओढणार. दोरीचं दुसरं टोक शिडीच्या वरच्या पायरीवर नुसतं पडलेलं होतं, आणि त्याच्याकडे दोघंही बघत होती.

"ते मी धरतो," जोआनी म्हणाला. "एका हातात बादली, एका हातात तू."

"आणि ऐकणार कोण?"

"हा कान चांगला आहे."

"हा?"

"काय?"

ब्लांदीन कुंडाच्या काठावर पाय आत सोडून बसली. काँक्रीट गार होतं, खालून ऊब येत होती. तिने मोठ्या आवाजात, घराच्या दिशेने सांगितलं, की पपा आल्याशिवाय ती उतरणार नाही आणि उतरल्याशिवाय काठावरून उठणार नाही. मग ती बसून राहिली. जोआनीने सिगारेट पेटवली, विझवली, पुन्हा पेटवली. अंगणातला उन्हाचा पट्टा उंबऱ्यावर आला, उंबरा ओलांडून आत आला. तिला भूक लागली, मग भूक गेली. बसून राहणं तिला कठीण नव्हतं. तेसोनिएंसमोर ती अख्खा हिवाळा बसली होती, बुधवार, बुधवार, आणि एका दुपारी खिडकीबाहेर कुणीतरी गळ्यातली पेटी वाजवत गेलं तेव्हा ते म्हणाले होते, गुरुवार. दवाखान्यात सगळे हसले. ती हसली नव्हती. एक दिवस पुढे सरकायला त्या माणसाला किती जोर लावावा लागला, तो तिने त्याच्या मानेवर पाहिला होता.

दारात बापाची सावली पडली.

"नळी अर्ध्यावर लोंबतेय," तो म्हणाला. तो पंख्याकडे बघत होता, मुलीकडे नाही. "जड हवा तळाशी बसते. वरची ढवळून काय करताय? तळापर्यंत सोडा."

मग तो स्वतः आत आला, नळी उचलली, तळापर्यंत सोडली, आणि मेणबत्ती पेटवून तारेने खाली उतरवली. ज्योत चोथ्याच्या एक वीत वर विझली. त्याने ती ओढून घेतली. थांबला. पुन्हा पेटवून सोडली. तिसऱ्या खेपेला ज्योत चोथ्याला टेकेपर्यंत जळत राहिली, आणि तो शिडीवर चढून वरच्या पायरीवर बसला, आणि दोरी त्याने मनगटाला दोन वेढे देऊन धरली.

ब्लांदीन उतरली.

चोथा गरम होता. मांडीपर्यंत गरम, ओला, अख्ख्या घडांचा, देठ पायांना बोचत होते. तिने काटा घातला आणि बोलायला सुरुवात केली. "सोमवार, मंगळवार, बुधवार," ती म्हणाली, कारण तिचे रुग्ण तिथूनच सुरू करतात. मग महिने. मग घराजवळच्या मेट्रोची स्थानकं. पहिली बादली वर गेली. "लीकचं सूप, पपा, त्यात बटाटा एकच घालायचा, तू तीन घालतोस." बादली खाली. ती बोलत होती आणि मनात दुसरंच चाललं होतं, दोन नद्या एका पुलाखालून जाव्यात तसं. तोंड म्हणत होतं की वरच्या तुकड्याची भिंत ढासळलीय, आणि मन म्हणत होतं की इथेच, याच भिंतीला टेकून तो बसला असेल, हा हिरवट डाग त्याने पाहिला असेल, हा शेवटचा डाग. तोंड म्हणालं, "आईचे निळे पडदे कुणाला दिलेस?" मन म्हणालं, शेवटच्या चढावर पाच गडी. काटा घाल, उचल, टाक. मग तीन. घाम डोळ्यांत गेला. गड्यांपैकी एकाने मागे वळून पाहिलं, नाक दाबलेल्या आवाजात कुणीतरी हसलं, आणि ब्लांदीनचे ओठ मिटले. तिला ते कळलं. सोडता आले नाहीत. चोथा गरम होता, हवा होती, डोकं ताळ्यावर होतं, काटा हातात होता, आणि ती लिफ्टमधल्यासारखी उभी होती.

"बोल," वरून आवाज आला.

दोरी ताठ झाली. कंबरेला कचका बसला.

"बोल. रुसली असलीस तरी बोल. मला शिव्या दे. काहीही कर, पण गप्प राहू नकोस."

"काय म्हणाला तो?" जोआनीने विचारलं.

"ओढ," बाप म्हणाला. तो उभा राहिला होता; दोरी त्याने दोन्ही हातांनी धरली होती.

"नको ओढू," ब्लांदीन म्हणाली. "आहे. आहे मी, पपा. लिफ्टमध्ये अडकले होते ते सांगतेय, ऐक. तिसऱ्या मजल्याच्या वर. एक बाई जाळीतून बोलत होती, माझ्याच्याने उत्तर देववेना."

दोरी थोडी सैल झाली.

"लिफ्टमध्ये वायू नसतो," बाप म्हणाला.

"माहीत आहे."

"मग?"

"मग काय? अडकले. बंबवाले आले."

"जिन्याने जात जा," बाप म्हणाला. "पुढे?"

ती पुढे सांगू लागली. बंबवाल्याच्या मिशा सांगितल्या, ज्या नव्हत्या. तेसोनिएंचा गुरुवार सांगितला. वर बसलेला माणूस प्रत्येक वाक्याच्या शेवटी हं म्हणत होता, जरा जास्तच मोठ्याने, आणि कधी वाक्य संपायच्या आधीच. तिने सांगितलं, की कच्ची नव्हती, पपा, वरच्या तुकड्यातली द्राक्षं, मी गेल्या वर्षी त्याच्या मातीला आले तेव्हा वेलींवर राहिलेले घड खाल्ले होते, पिकलेली होती. वरून हं आलं नाही. दोरी मात्र हलली नाही, ताठही झाली नाही, मनगटाच्या दोन वेढ्यांत ती होती तशी होती, आणि मग, आवाज खरवडून काढावा तसा, तो म्हणाला, "हं." तिने काटा घातला. बादली भरली, वर गेली, जोआनी कण्हला, बादली परत आली. चोथा आता गुडघ्याच्या खाली होता. "सोमवार," ती म्हणाली, कारण सांगण्यासारखं तेवढ्यापुरतं संपलं होतं, आणि वरून बापाने मंगळवार म्हटलं.

रेजिस जन्मला त्या दुपारी क्लोदियूस कुंडात होता. मुलगा झाल्याचं जोआनीने त्याला शिडीवरून सांगितलं, आणि आतून काही आवाज आला नाही म्हणून त्याला दोरीने वर ओढून काढलं.